योन बार्बू: ‘कवी गणितज्ञ होता’ यातून पुढे काय सिद्ध होतं?

विसाव्या शतकातल्या रोमेनियन कवितेबद्दल काहीही वाचायला घेतलं की योन बार्बू हे नाव लवकरच समोर येतं, आणि नावासोबत एक ठरलेलं वाक्यही येतं: हा कवी गणितज्ञ होता, म्हणून त्याची कविता गणितासारखी नेमकी, शुद्ध आणि अवघड आहे. वाक्य ऐकायला छान आहे. त्याचा पहिला अर्धा भाग निखालस खरा आहे. दुसराही बराचसा खरा असू शकेल. माझं भांडण आहे ते मधल्या ‘म्हणून’शी.

हे भांडण इथे का मांडते आहे? कारण तुमच्यापैकी जे साहित्यात पीएच.डी. करायच्या विचारात आहेत, त्यांच्यातल्या निम्म्यांचा पहिला विषय ‘अमुक-तमुक: व्यक्ती आणि वाङ्मय’ असाच असतो. पहिल्या प्रकरणात चरित्र, दुसऱ्या-तिसऱ्यात कविता, आणि मग दोन्हींना जोडणारे पाच-पंचवीस ‘म्हणून’. गरिबीत वाढले म्हणून वास्तववादी, खेड्यात वाढले म्हणून निसर्गप्रेमी. सिनॉप्सिस लिहिताना हे खटकत नाही. खटकतं ते व्हायवाला, जेव्हा समोरचे सर शांतपणे विचारतात, “हे तुम्हाला कशावरून कळलं?” त्या प्रश्नाचं उत्तर आधीच शोधायचा सराव करायला बार्बूसारखा कवी मिळणार नाही. त्याच्या बाबतीत चरित्र इतकं आकर्षक आहे की कविता न वाचताच तिच्याबद्दल मत बनतं.

आधी माहिती, मग मत

दान बार्बिलियान हे त्याचं खरं नाव. जन्म 1895, रोमेनियातल्या कम्पुलुंग गावी. वडील न्यायखात्यात. योगायोग बघा, त्याच वर्षी बुखारेस्टमध्ये ‘गझेता मातेमातिका’ हे गणिताचं नियतकालिक सुरू झालं. गणित आवडणाऱ्या शाळकरी मुलांच्या कितीतरी पिढ्या या नियतकालिकातली कोडी सोडवत मोठ्या झाल्या. बार्बिलियान त्यातलाच एक हुशार मुलगा.

1914 मध्ये तो बुखारेस्ट विद्यापीठात गणित शिकायला आला, मध्ये महायुद्ध आलं, सैन्यात जावं लागलं, शिक्षण रेंगाळलं. 1919 मध्ये समीक्षक युजेन लोविनेस्कू यांच्या ‘झ्बुरातोरुल’ या नियतकालिकातून ‘योन बार्बू’ या नावाने त्याच्या कविता येऊ लागल्या. 1921 मध्ये ‘दुपा मेल्ची’, म्हणजे ‘गोगलगाईंच्या शोधात’, ही दीर्घ कविता पुस्तकरूपात आली. त्याच वर्षी तो शिष्यवृत्तीवर जर्मनीतल्या गॉटिंगेनला गेला, एडमंड लांडाऊ यांच्याकडे संख्या सिद्धांत शिकायला. त्या वेळी गॉटिंगेन म्हणजे गणिताची पंढरीच. हिल्बर्ट तिथे, एमी नोएथर तिथे, म्हातारे फेलिक्स क्लाइनही तिथेच. पण 1924 मध्ये बार्बिलियान परतला तो डॉक्टरेट न घेता. ती मिळाली 1929 मध्ये, बुखारेस्टला, गेओर्गे त्सित्सेइका यांच्या हाताखाली. विषय होता हायपरएलिप्टिक फलनांची बेरीज. लगेच पुढच्या वर्षी, 1930 मध्ये, ‘झोक सेकुंद’ हा त्याचा मुख्य कवितासंग्रह आला. नावाचा अर्थ साधारण ‘दुसरा खेळ’ असा.

त्यानंतर कविता जवळजवळ थांबली. गणित मात्र बहरलं. 1942 मध्ये तो बुखारेस्ट विद्यापीठात पूर्णवेळ प्राध्यापक झाला आणि 1961 मध्ये वारला.

आता या माहितीकडे नुसतं ‘चरित्र’ म्हणून बघू नका, तिच्याकडे तारखांचा तक्ता म्हणून बघा. ‘एकाच वेळी कवी आणि गणितज्ञ’ असं जे चित्र आपल्या डोक्यात असतं, ते या तक्त्यात नीट बसत नाही. महत्त्वाच्या कविता ढोबळमानाने 1919 ते 1930 मधल्या. महत्त्वाचं गणित 1929 नंतरचं. म्हणजे एका आयुष्यात दोन कामं झाली खरी, पण बरीचशी एकापाठोपाठ. तरुण कवीला गणिताचं शिक्षण होतं, नंतर नावाजलेलं गणित मात्र अजून त्याच्या हातून व्हायचं होतं.

तारखांची चाळणी

हा फरक किती कामाचा आहे ते एका उदाहरणाने बघू. गणितात बार्बिलियानचं नाव राहिलं ते अंतर मोजण्याच्या एका पद्धतीमुळे. ती त्याने 1934 मध्ये मांडली, आणि 1938 मध्ये अमेरिकन गणितज्ञ लिओनार्ड ब्लूमेंथाल यांनी आपल्या पुस्तकात ‘बार्बिलियान अवकाश’ असं तिचं बारसं केलं.

कल्पना साध्या शब्दांत अशी. एक बंद वक्र काढा. त्याच्या आत ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन बिंदू घ्या. आता वक्रावर एक निरीक्षक उभा करा आणि त्याचं ‘अ’पासूनचं अंतर भागिले ‘ब’पासूनचं अंतर असं गुणोत्तर काढा. निरीक्षकाला वक्रावरून पूर्ण फेरी मारायला लावा. गुणोत्तर कमी-जास्त होत राहील. त्यातलं सगळ्यात मोठं घ्या, त्याला सगळ्यात लहानाने भागा आणि उत्तराचा लॉगरिदम काढा. हे झालं ‘अ’ आणि ‘ब’मधलं नवं अंतर. वक्र जर वर्तुळ असेल तर यातून हायपरबोलिक भूमितीचं पॉइंकारेचं प्रसिद्ध प्रारूप मिळतं. थोडक्यात, आतल्या दोन बिंदूंमधलं अंतर इथे कुंपणावर उभं राहून मोजलं जातं.

हे वाचताना कोणाही साहित्यवाल्याच्या मनात घंटा वाजेल. ‘झोक सेकुंद’मधली पहिली कविता तर प्रतिबिंबाबद्दल आहे! जग थेट न बघता पाण्याच्या पृष्ठभागावरून, काठावरून बघायचं. वा! अख्खं प्रकरण तयार. शीर्षकही सुचलं असेल: ‘सीमेवरून दिसणारं जग: बार्बूची कविता आणि बार्बिलियानची भूमिती’.

थांबा. संग्रह 1930 चा, अंतराची मांडणी 1934 ची. ही भूमिती कवितेत ‘उतरली’ असं म्हणायला ती आधी असायला हवी. उलटा दावा, म्हणजे कवितेतून भूमिती सुचली, करायचा तर त्याला स्वतंत्र पुरावा लागेल: एखादं पत्र, एखादी वही. तोपर्यंत आपल्या हाती आहे ते फक्त साम्य. साम्य दिसणं ही संशोधनाची सुरुवात असू शकते. ते निष्कर्ष म्हणून लिहिलं की घोटाळा होतो.

क्लाइनचं काय? भूमिती म्हणजे रूपांतरं केल्यावरही जे बदलत नाही त्याचा अभ्यास, ही क्लाइनची मांडणी 1872 ची. ती तारखांच्या चाळणीतून सहज पार पडते, आणि बार्बू तर त्याच्याच गावी शिकायला होता. शिवाय ‘झोक सेकुंद’मध्ये ‘ग्रुप’ नावाची कविताच आहे, आणि ‘ग्रुप’ ही क्लाइनच्या मांडणीतली मध्यवर्ती संज्ञा. पण इथेही जरा दमानं. रोमेनियनमध्येही ‘ग्रुप’ म्हणजे आधी साधा समूह, घोळका; गणितातला अर्थ नंतरचा. नुसत्या शीर्षकावरून काही ठरत नाही, कविता उघडावी लागते. तसंच त्या पहिल्या कवितेत कवी विखुरलेल्या गोष्टींची ‘बेरीज’ करतो, आणि वर्षभर आधी त्याने बेरजेवर प्रबंध दिला होता, हेही खरं. पण बेरीज आपण सगळेच पहिलीत शिकतो.

कवी स्वतःच म्हणाला की!

इथे कोणीतरी नक्की म्हणेल, अहो, बार्बूनेच मुलाखतीत सांगितलंय की भूमितीच्या उंच प्रदेशात कुठेतरी तिची आणि कवितेची गाठ पडते. मग वाद कशाला?

सांगितलंय, बरोबर. पण कधी आणि कोणत्या वादात? साल 1927. त्याच वर्षी तुदोर अर्गेझी या मोठ्या कवीचा ‘कुविंते पोत्रिविते’ हा पहिला संग्रह आला आणि गाजला. अर्गेझीची कविता मातीची, घामाची, शिव्याशापांची, शब्दांच्या कारागिरीची. बार्बूने त्याच वर्षी तिच्यावर जोरदार टीका लिहिली. ही खरी कविता नव्हे, कवितेने याहून वर, निखळ चैतन्याच्या पातळीवर असायला हवं, असा त्याचा सूर. पुढच्या वर्षी ‘आळशी कविता’ अशी शिक्काच मारणारी संज्ञा वापरून त्याने तो वाद पुढे नेला.

आता ते भूमितीचं विधान या पार्श्वभूमीवर ठेवा. ते साक्षीदाराचं निवेदन राहत नाही. ती वादातल्या एका पक्षाची भूमिका होते. ‘भूमिती’ हा शब्द इथे हत्यार आहे: तुमची कविता मातीत, माझी आकाशात. म्हणून विधान खोटं ठरत नाही. पण त्याचा उपयोग बदलतो. त्यातून बार्बूला आपली कविता कशी वाचली जावी असं वाटत होतं हे कळतं. ती प्रत्यक्षात कशी आहे, हे त्यातून कळत नाही. कवीच्या मुलाखती, प्रस्तावना, आत्मकथनं वापरताना हा फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आणि समीक्षकाचंही तसंच. बार्बूच्या कवितेचे तीन टप्पे सगळीकडे शिकवले जातात: सुरुवातीची घडीव, पार्नासपंथी कविता, मग लोककथेच्या आणि पौर्वात्य वळणाची, शेवटी गूढ, बंदिस्त कविता. ही विभागणी रूढ केली तुदोर व्हियानू यांनी, 1935 च्या त्यांच्या पुस्तकातून. व्हियानू मोठे अभ्यासक, शिवाय कवीचे तरुणपणापासूनचे मित्र. विभागणी उपयोगी आहे, पण तिच्यात एक चढती कमान गृहीत धरलेली आहे: कविता हळूहळू ‘शुद्ध’ होत गेली. खुद्द बार्बूने 1930 चा संग्रह लावला तो उलट्या क्रमाने. सगळ्यात अवघड कविता आधी, ‘इसार्लक’ विभागातल्या रंगीबेरंगी कविता शेवटी. वाचक शिखरावरून सुरुवात करतो आणि बाजारात उतरतो. सुरुवातीच्या पार्नासपंथी कविता तर त्याने संग्रहात घेतल्याच नाहीत. दोन वेगळ्या मांडण्या, आणि त्यातून निघणारे दोन वेगळे कवी.

आता कविता

एक गोष्ट आधीच सांगते. बार्बू अनुवादातून वाचणं जिकिरीचं आहे. त्याच्या अवघड कवितांमध्ये वाक्यं तुटलेली असतात, क्रियापदं गाळलेली असतात, नामाला नाम भिडवलेलं असतं. अनुवादकाला वाक्य उभं करण्यासाठी काहीतरी भरावंच लागतं, आणि नेमकी कवितेची पोकळी भरली जाते. मी मूळ आणि अनुवाद शेजारी ठेवून, शब्दकोश उघडा ठेवून वाचते. त्यातून जेवढं हाती लागतं तेवढंच इथे मांडते.

संग्रहाची पहिली कविता घ्या. दोनच कडवी. डोंगराचा माथा आरशातून दिसतो, रानातले गुरांचे कळप पाण्यात बुडालेले दिसतात, आणि या बुडण्यातून एक दुसरा, पहिल्यापेक्षा निर्मळ खेळ उभा राहतो. मग कवी येतो, विखुरलेलं गोळा करतो. शेवटी त्याच्या गाण्याची तुलना समुद्राखालच्या जेलीफिशशी होते. यात ‘निष्पन्न केलेलं’, ‘बेरीज’, ‘उलट’, ‘अधोबिंदू’ असे गणिताच्या आणि खगोलाच्या वळणाचे शब्द आहेत, हे मान्य. ‘म्हणून’वाले इथेच थांबतात.

आपण एक पाऊल पुढे जाऊ आणि विचारू: भूमितीतलं परावर्तन आणि या कवितेतलं प्रतिबिंब एकच आहेत का? भूमितीत परावर्तन हे अंतरं राखणारं रूपांतर असतं. त्रिकोणाचं प्रतिबिंब मूळ त्रिकोणाइतकंच असतं, तसूभर कमी नाही की जास्त नाही. दोनदा परावर्तन केलं की मूळ त्रिकोण परत मिळतो. भूमितीत प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा ‘निर्मळ’ असतं, या वाक्याला अर्थच नाही. कवितेत मात्र सगळा भार त्याच शब्दावर आहे. प्रतिबिंब निर्मळ आहे, कारण गुरं बुडाली आहेत. त्यांचा वास, वजन, धूळ पाण्याने काढून घेतली. हा व्यवहार उलटवता येत नाही. बुडालेला कळप परत काठावर येत नाही.

म्हणजे कवितेत भूमितीचं उपकरण आहे, पण ते भूमितीच्या नियमाने चालत नाही. नेमक्या त्या जागी कविता सुरू होते. कलेसाठी जग गमवावं लागतं, ही तिची खरी चिंता आहे, आणि ती ‘गणितासारखी नेमकी कविता’ या शाबासकीत ऐकूच येत नाही. माझा सल्ला असा: दोन क्षेत्रांमधलं साम्य सापडलं की ते कुठे मोडतं ते शोधा. तुमचं प्रकरण बहुधा तिथे असतं.

आता ती ‘ग्रुप’ कविता. तिच्यात जग म्हणजे तुरुंग आहे. माणसांची डोकी अंडाकृती, चुन्यासारखी पांढरी. वाकड्या रेषांचा गुंता आहे आणि तो नाकारणाऱ्या सरळ रेषेची आस आहे. शेवटी त्रिकोणातला डोळा येतो. अंडाकृती, रेषा, त्रिकोण: भूमितीची पेटीच उघडली म्हणायची! पण त्रिकोणात डोळा ही प्रतिमा युरोपातल्या चर्चमध्ये जाणाऱ्या कोणालाही ओळखीची आहे. तो ईश्वराचा डोळा. मग ही कविता भूमितीची की प्रार्थनेची? पुन्हा पहिल्या कवितेकडे गेलात तर तिथे आकाशाच्या निळाईला लावलेलं विशेषण ‘उद्धरलेली’ या अर्थाचं आहे, तेही धर्माच्या भाषेतलं. आणखी एका कवितेचं नाव ‘पवित्र लाकूड’, म्हणजे लाकडावर रंगवलेली देवाची तसबीर. एका कवितेचं नाव ‘धर्मसिद्धान्ताचं अंडं’.

माझा मुद्दा असा की बार्बूच्या कवितेत भूमितीची भाषा आणि धर्माची भाषा एकमेकींत विणलेल्या आहेत. ‘गणितज्ञ कवी’ ही पाटी लावली की पहिलीच दिसते. त्रिकोण दिसतो, डोळा दिसत नाही.

बाजारात उतरल्यावर

पाटीमुळे आणखी एक नुकसान होतं: निम्मा कवी हरवतो. ‘इसार्लक’ हे बार्बूने कल्पिलेलं तुर्की-बाल्कन गाव. तिथे बाजार आहे, मळ आहे, सावली आहे, आळस आहे आणि नास्त्रातिन होजा आहे. हा होजा म्हणजे आपल्याकडच्या गोष्टींमधला मुल्ला नसरुद्दीनच. ऑटोमन साम्राज्याच्या वाटेने तो रोमेनियन लोककथेत पोचला. पण बार्बूचा होजा हसवायला आलेला नाही. तो फाटक्या गलबतातून येतो, किनाऱ्यावरचे लोक त्याला खायला देऊ करतात, तो ते नाकारतो आणि स्वतःच्याच देहावर भूक भागवतो. यात भूमिती शोधायची असेल तर शोधा बापडे. मला दिसतो तो देह, भूक आणि विरक्ती.

आणि ‘रिगा क्रिप्टो आणि लॅपलँडची एनिजेल’ ही 1924 ची कविता रोमेनियात शाळेतही शिकवली जाते. क्रिप्टो हा अळंब्यांचा राजा; नावातच ‘लपलेला’ हा अर्थ. एनिजेल रेनडिअर हाकत बर्फाळ उत्तरेकडून दक्षिणेला निघालेली मुलगी. ती दमून झोपते, स्वप्नात क्रिप्टो तिला मागणी घालतो: माझ्या ओल्या, थंड सावलीत राहा. ती म्हणते, मला सूर्य हवा. दिवस उजाडतो, ऊन क्रिप्टोवर पडतं आणि तो विषारी अळंबी होऊन जातो. एमिनेस्कूच्या ‘लुचाफरुल’ या प्रसिद्ध काव्यात पृथ्वीवरच्या राजकन्येवर आकाशातला तारा भाळतो. इथे सगळं उलटं: वरची ओढ मुलीला आहे, खाली अडकलेला प्रियकर आहे. शाळेतलं उत्तर ठरलेलं असतं: एनिजेल म्हणजे बुद्धी, क्रिप्टो म्हणजे वासना, बुद्धीचा विजय. पण कवितेचा शेवट कोणासोबत आहे बघा. एनिजेल निघून जाते. कविता मागे थांबते ती क्रिप्टोपाशी, त्याच्या वेडापाशी. जिंकणाऱ्याचं तत्त्वज्ञान आणि हरणाऱ्याचं दुःख, यात कवितेने दुसऱ्याला जास्त जागा दिली आहे.

ज्याला टाळून चालणार नाही

आता अवघड भाग. 1940 मध्ये रोमेनियात आयर्न गार्ड ही कडवी उजवी, ज्यूद्वेष्टी संघटना सत्तेत आली. सप्टेंबर 1940 ते जानेवारी 1941 असा तो काळ. बार्बू त्या दिवसांत तिच्या बाजूला गेला. त्याने हिटलरची स्तुती करणारी कविताही लिहिली.

हे वाचून वाईट वाटतं, पण वाईट वाटणं हा अभ्यास नव्हे. प्रश्न असा की ‘गणितज्ञ होता म्हणून शुद्ध कविता’ या वाक्यात ही कविता कुठे बसवायची? कुठेच बसत नाही. मग एक तर ती तळटीपेत ढकलली जाते: क्षणिक भरकटणं, काळाचा दोष. नाही तर उलटी उडी मारली जाते: शुद्धतेचा हव्यास होता, म्हणून फॅसिझम. दुसरं वाक्य धाडसी वाटतं, पण रचना तीच. तोच ‘म्हणून’, पुरावा तितकाच कमी.

या दोन्ही वाक्यांची परीक्षा गॉटिंगेनच घेतं. ज्या लांडाऊंकडे शिकायला बार्बिलियान गेला होता, ते ज्यू होते. नोव्हेंबर 1933 मध्ये नाझी विद्यार्थ्यांनी त्यांच्या वर्गावर बहिष्कार टाकला आणि त्यांचं अध्यापन तिथेच संपलं. एमी नोएथर यांना त्याच वर्षी नोकरीतून काढलं आणि त्या अमेरिकेला गेल्या. एकाच गावातलं एकच गणित: ते शिकवणाऱ्यांना हाकलून लावणारेही गणिताचेच विद्यार्थी होते. गणिताने यांच्यापैकी कोणाचंच राजकारण ठरवलं नाही. आणि बार्बूबद्दल म्हणायचं तर हे सगळं घडून गेल्यावर, सात वर्षांनी, त्याने ती स्तुती लिहिली. ‘शुद्ध बुद्धीचा कवी’ हे चित्र रंगवताना लांडाऊंचा रिकामा वर्ग चौकटीबाहेर ठेवावा लागतो. मला त्या चित्राबद्दल शंका येते ती मुख्यतः यामुळे.

मग करायचं काय? 1930 चा संग्रह 1940 च्या अपराधाचा पुरावा म्हणून वाचू नये. आणि 1930 चा संग्रह चांगला आहे म्हणून 1940 झाकूही नये. दोन्ही गोष्टी आपापल्या तारखेला, आपापल्या पुराव्यासह मांडाव्यात. यातून एक खरा संशोधन प्रश्नही निघतो, तो कवीच्या मनाबद्दलचा नसून स्वीकाराबद्दलचा आहे. साम्यवादी राजवटीत बार्बूची कविता बरीच वर्षं बाजूला पडली होती. त्याच्या मृत्यूनंतर 1964 मध्ये ‘ओक्यान’ या नावाने ती पुन्हा वाचकांसमोर आली. 1970 मध्ये सोलोमन मार्कूस या गणितज्ञाचं ‘पोएतिका मातेमातिका’ हे पुस्तक आलं. मार्कूस बार्बिलियानच्या वर्गात बसलेले. या काळात ‘गणितज्ञ कवी’ ही प्रतिमा किती घट्ट झाली? तिच्यामुळे 1940 विसरणं सोपं झालं का? याला उत्तर ‘हो’ असेल किंवा ‘नाही’. पण शोधायचं कुठे हे माहीत आहे: त्या वर्षांतल्या प्रस्तावना, पाठ्यपुस्तकं, परीक्षणं. असा प्रश्न गाईडसमोर ठेवता येतो.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

माझं म्हणणं चरित्र फेकून द्या असं नाही. बार्बू गणितज्ञ होता हे माहीत नसतं तर परावर्तनाचा प्रश्न मला सुचलाच नसता. चरित्र प्रश्न पुरवतं. उत्तरासाठी कवितेकडेच जावं लागतं, आणि कधी ती चरित्राला खोटं पाडते.

आज एवढंच करा. तुमच्या प्रस्तावाच्या कच्च्या खर्ड्यातले सगळे ‘म्हणून’, ‘त्यामुळे’ आणि ‘साहजिकच’ अधोरेखित करा. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा. एक, कारण खरंच परिणामाच्या आधीचं आहे का? तारीख लिहा. दोन, हे सांगणारा कोण, आणि त्या वेळी तो कोणाशी भांडत होता? तीन, हे वाक्य खरं मानलं तर लेखकाची कोणती कविता, कोणतं कृत्य दिसेनासं होतं? तिसऱ्या रकान्यात जे जमा होईल ते तळटीपेत टाकू नका, त्यासाठी एक प्रकरण राखून ठेवा.